अल्बम झाला, हे ठरवतं कोण?

आपल्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक विंगला एक तरी गिटार असतेच. गॅदरिंगच्या आधीचे पंधरा दिवस ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाजते, आणि त्या पंधरा दिवसांत कोणीतरी एकदा म्हणतोच, "यार, आपण आपला अल्बम काढू!" मग चार गाणी तयार होतात. त्यातली तीन कोणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतात, चौथ्याचं कडवं अर्धवट असतं. तेवढ्यात सबमिशन येतं, मग पी.एल., मग परीक्षा. अल्बम तिथेच थांबतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जगातल्या नावाजलेल्या संगीतकारांचे अल्बमही असेच अडकलेले आहेत. कोणाचा घड्याळापायी, कोणाचा स्वतःच्याच हट्टापायी, कोणाचा कंपनीपायी. या लेखात अशा काही अल्बमांच्या कहाण्या पाहू. गाणी चांगली की वाईट हा आपला विषय नाही. आपला प्रश्न इंजिनिअरिंगचा आहे: एखादी गोष्ट 'तयार झाली' हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

आधी थोडी थिअरी

'अल्बम' हा शब्द मुळात फोटोंच्या अल्बमसारखाच आला. जुन्या ७८ आर.पी.एम.च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. जास्त संगीत द्यायचं तर अनेक तबकड्या पुस्तकासारख्या बांधणीत घालून विकत, तो अल्बम. आपल्याकडच्या मोठमोठ्या गवयांना तासभराचा राग त्या तीन मिनिटांत बसवावा लागला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, तीही साडेतीन मिनिटांचीच. पुढे १९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३⅓ आर.पी.एम.ची लाँग प्ले, म्हणजे एल.पी. आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली आणि दहा-बारा गाण्यांचा एकसंध अल्बम शक्य झाला.

आता ट्रॅक म्हणजे काय ते बघू. चुंबकीय टेपच्या रुंदीचे समांतर पट्टे पाडले की प्रत्येक पट्टा म्हणजे एक ट्रॅक. एका पट्ट्यावर ढोल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर आवाज. आधीचे पट्टे हेडफोनवर ऐकत नवीन पट्ट्यावर वाजवायचं, याला ओव्हरडब म्हणतात. सगळे पट्टे योग्य प्रमाणात एकत्र करणं म्हणजे मिक्सिंग. आणि त्या मिक्सवरून तबकडी, कॅसेट किंवा सीडी काढण्याजोगी शेवटची प्रत बनवणं म्हणजे मास्टरिंग. आपल्या भाषेत सांगायचं तर पार्ट बनवणं, असेंब्ली आणि फायनल इन्स्पेक्शन.

व्यवहाराची बाजूही लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या करारात रेकॉर्ड कंपनी खर्चासाठी आगाऊ रक्कम देते. ही रक्कम बक्षीस नसते, कलाकाराच्या रॉयल्टीतून ती आधी वसूल होते. आणि बहुतेक करारांत मूळ ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची मालकी कंपनीकडे जाते. पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ इथे आहे.

घड्याळ ठरवतं: एक दिवस, दहा गाणी

११ फेब्रुवारी १९६३. लंडनमधला एबी रोडवरचा ई.एम.आय.चा स्टुडिओ. बीटल्स या चार तरुणांच्या बँडला पहिला अल्बम करायचा होता. त्यांची एक सिंगल, म्हणजे दोन गाण्यांची छोटी तबकडी, बाजारात जोरात चालली होती आणि लोखंड गरम असतानाच कंपनीला अल्बम हवा होता. चौदापैकी चार गाणी आधीच्या दोन सिंगल्समधून मिळणार होती. उरलेली दहा त्या एका दिवसात झाली. सकाळी दहाला सुरुवात, रात्री पावणेअकराच्या सुमाराला शेवट.

मशीन फक्त दोन ट्रॅकचं. त्यामुळे चुकलं तर तेवढाच तुकडा दुरुस्त करायची सोय फारशी नाही. चौघांनी एकत्र वाजवायचं आणि गायचं, जमलं तर ठेवायचं. जेवणाच्या सुट्टीतही हे लोक बाहेर न जाता तालीम करत बसले. जॉन लेननला त्या दिवशी जबरदस्त सर्दी होती. 'ट्विस्ट अँड शाउट' या गाण्यात घसा फाडून ओरडायचं होतं. ते आधी घेतलं असतं तर बाकी गाण्यांना आवाजच उरला नसता. म्हणून निर्माता जॉर्ज मार्टिन यांनी ते सगळ्यात शेवटी ठेवलं. पहिल्याच टेकला ते झालं आणि तोच टेक अल्बमवर गेला. 'प्लीज प्लीज मी' २२ मार्च १९६३ ला, म्हणजे सहा आठवड्यांत बाजारात आला आणि ब्रिटनमध्ये सलग ३० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला.

हे वाचून लगेच 'नाइट मारून सबमिशन होतंच की' असा निष्कर्ष काढू नका. त्या एका दिवसामागे हँबुर्गच्या क्लबांतल्या आणि लिव्हरपूलच्या कॅव्हर्नमधल्या शेकडो रात्री होत्या. गाणी हातात बसलेली होती, म्हणून घड्याळाला काम सोपवता आलं. आणि जॉर्ज मार्टिन यांचं काम बघा. क्रम लावणं हे त्या दिवसाचं खरं प्लॅनिंग होतं. जो पार्ट मशीनला सगळ्यात जास्त झिजवणार, तो शेवटी घ्यायचा.

इंजिनिअर ठरवतो: तळघरातला मेकॅनिकलवाला

ही गोष्ट खास आपल्या डिपार्टमेंटची. टॉम शोल्झ हा एम.आय.टी.चा मेकॅनिकल इंजिनिअर, तिथलाच मास्टर्स. पोलरॉईड या कॅमेरा कंपनीत प्रॉडक्ट डिझाईनची नोकरी. दिवसभर ऑफिस, आणि संध्याकाळी बॉस्टनजवळच्या वॉटरटाउनमधल्या घराच्या तळघरात रेकॉर्डिंग. पगारातले पैसे साठवून त्याने तिथे यंत्रसामग्री जमवली होती. पुढे १२ ट्रॅकचं स्कली मशीनही आलं. गिटार, बास, ऑर्गन बहुतेक सगळं तो स्वतःच एकावर एक ओव्हरडब करायचा. गायला ब्रॅड डेल्प. कित्येक वर्षं डेमो पाठवले आणि कित्येक वर्षं कंपन्यांचे नकार आले.

शेवटी एपिक या कंपनीने (ती सी.बी.एस.ची शाखा) करार केला, पण अट घातली. हीच गाणी लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करा. शोल्झला ते पटेना. त्याला हवा असलेला गिटारचा आवाज त्याने स्वतः जुळवलेल्या सर्किटांतून आणि त्या तळघरातून आला होता. दुसरीकडे तो येईलच याची खात्री कोण देणार? मग निर्माता जॉन बॉयलनने युक्ती काढली. बँडमधले बाकीचे लोक लॉस एंजेलिसला जाऊन काम करू लागले, म्हणजे कंपनी निश्चिंत. शोल्झ मात्र तळघरातच वाजवत राहिला. त्याचं काम झाल्यावर रेकॉर्डिंगची गाडी घराबाहेर उभी करून, केबल तळघरात सोडून सगळे ट्रॅक २४ ट्रॅकच्या टेपवर उतरवले गेले. आवाज आणि मिक्सिंग नंतर लॉस एंजेलिसला झालं.

ऑगस्ट १९७६ मध्ये 'बॉस्टन' नावाचा तो अल्बम आला. अमेरिकेत त्याला १ कोटी ७० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे. कंपनीने नाक मुरडलेल्या तळघरातला हा आवाज! आणि अल्बम गाजायला लागेपर्यंत पठ्ठ्याने पोलरॉईडची नोकरी सोडली नव्हती.

इथपर्यंत ही आपल्या सगळ्यांची आवडती गोष्ट आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो. दुसरा अल्बम दोन वर्षांत, ऑगस्ट १९७८ मध्ये आला. शोल्झच्या मते तो पूर्ण झालेलाच नव्हता, कंपनीच्या घाईपायी बाहेर गेला. तिसऱ्याच्या वेळी त्याने ठरवलं की मी 'झालं' म्हणेपर्यंत टेप देणार नाही. वर्षं जात राहिली. दरम्यान त्याने स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स कंपनी काढली आणि १९८२ साली कमरेला लावून हेडफोनवर ऐकता येईल असा 'रॉकमन' हा गिटारचा छोटा अँप्लिफायर बाजारात आणला. १९८३ साली सी.बी.एस.ने अल्बम वेळेत दिला नाही म्हणून त्याच्यावर कोट्यवधी डॉलरचा दावा ठोकला. तिसरा अल्बम 'थर्ड स्टेज' अखेर १९८६ मध्ये एम.सी.ए. या दुसऱ्या कंपनीतर्फे आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. कोर्टाचा निकाल शोल्झच्या बाजूने लागायला १९९० उजाडलं.

शोल्झ जिंकला. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बममध्ये आठ वर्षं गेली. बँडमधल्या बहुतेकांनी तोवर वेगळा रस्ता धरला होता. टॉलरन्स जितका कडक, तितका खर्च वाढतो हे आपण मेट्रॉलॉजीत शिकतो. इथे खर्च माणसांचा होता.

काम स्वतःच ठरवतं: खिशातली कॅसेट

आता याच्या अगदी उलट टोक. जानेवारी १९८२. ब्रूस स्प्रिंगस्टीन तोवर अमेरिकेत मोठा स्टार झालेला. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये बसून त्याने बँडला शिकवण्यासाठी नवीन गाण्यांचा कच्चा डेमो केला. सामान काय, तर टीअॅक कंपनीचं 'पोर्टास्टुडिओ १४४' हे चार ट्रॅकचं मशीन, दोन साधे माइक, एक गिटार, माउथ ऑर्गन आणि असंच किरकोळ काही.

हे मशीन म्हणजे डोकेबाज डिझाईन होतं. १९७९ साली आलं. आपली नेहमीची कॅसेट दोन बाजूंना वाजते, प्रत्येक बाजूला डावा-उजवा मिळून दोन ट्रॅक, म्हणजे टेपवर एकूण चार पट्टे. पोर्टास्टुडिओने चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि टेपचा वेग दुप्पट केला, सेकंदाला ४.७६ ऐवजी ९.५ सेंटिमीटर. वेग वाढला की दर सेकंदाला हेडसमोरून जास्त चुंबकीय कण जातात आणि खरखर कमी होते. तरी मर्यादा होतीच. कॅसेटची पूर्ण टेप ३.८१ मिलिमीटर रुंद. एका ट्रॅकच्या वाट्याला एक मिलिमीटरही येत नाही. स्टुडिओत त्या काळी दोन इंची टेपवर २४ ट्रॅक असत आणि वेग सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर. म्हणजे ही तुलना सायकलची आणि ट्रकची.

स्प्रिंगस्टीनने त्याचं मिक्सही घरच्याच एका टेपरेकॉर्डरवर केलं. ती कॅसेट तो कव्हरशिवाय खिशात टाकून हिंडत असे. मग बँडला घेऊन न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत तीच गाणी नीट रेकॉर्ड करायचा प्रयत्न झाला. वाजवणारे उत्तम, स्टुडिओ उत्तम. पण बेडरूममध्ये एकट्याने गायलेल्या त्या उदास, गुन्हेगारांच्या आणि बेकारांच्या गोष्टींत जे होतं, ते मोठ्या आवाजात नाहीसं होत होतं. शेवटी निर्णय झाला की खिशातली कॅसेट हाच अल्बम.

घोषणा सोपी, पुढचं काम अवघड. कॅसेटवरच्या त्या कमजोर सिग्नलवरून एल.पी.ची खाच कापायला एकेका मास्टरिंग स्टुडिओने प्रयत्न करून हात टेकले. अल्बम फक्त कॅसेटवरच काढावा का, इथपर्यंत विचार गेला. खूप खटपटींनंतर ते जमलं आणि ३० सप्टेंबर १९८२ ला 'नेब्रास्का' बाहेर आला. त्याच कॅसेटवर 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गाणंही होतं. ते मात्र बँडबरोबरच उभं राहिलं आणि १९८४ च्या प्रचंड खपाच्या अल्बमचं शीर्षकगीत झालं. 'नेब्रास्का'ची बँडबरोबरची रेकॉर्डिंग्ज २०२५ साली प्रसिद्ध झाली आहेत, दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. ऐकून बघा आणि स्वतः ठरवा.

शोल्झ आणि स्प्रिंगस्टीन दोघांचीही गोष्ट घरातल्या रेकॉर्डिंगची. एकाने घरात अचूकपणा मिळवला, दुसऱ्याने घरात मिळालेला कच्चेपणा जपला. दोघांत एक गोष्ट समान आहे. मूळ टेपमध्ये नेमकं काय चांगलं आहे ते दोघांना कळलं होतं, आणि तेवढं त्यांनी हातचं जाऊ दिलं नाही.

कंपनी 'नाही' म्हणते तेव्हा

शिकागोच्या विल्को या बँडने स्वतःच्या जागेत 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम केला. २००१ साली तो रिप्रीझ या त्यांच्या कंपनीला दिला, तर कंपनीला तो आवडलाच नाही. इथे एरवी अल्बम कपाटात जातो, कारण मास्टर कंपनीचा. पण वाटाघाटी होऊन बँड करारातून बाहेर पडला आणि जाताना टेप घेऊन गेला. त्या उलथापालथीत जे बेनेट हा बँडमधला महत्त्वाचा वादकही बाहेर पडला. १८ सप्टेंबर २००१ ला त्यांनी पूर्ण अल्बम इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवला. तेव्हा हे वेडेपणाचंच वाटलं असणार. पण लोकांनी ऐकला, कार्यक्रमांना गर्दी झाली, आणि २३ एप्रिल २००२ ला नॉनसच या कंपनीने तो रीतसर काढला. अमेरिकेच्या यादीत तो १३ व्या क्रमांकापर्यंत गेला. गंमत म्हणजे रिप्रीझ आणि नॉनसच या दोन्ही एकाच एओएल टाइम वॉर्नर समूहातल्या. एका खिशाने नाकारलेला माल त्याच कोटाच्या दुसऱ्या खिशाने पैसे देऊन घेतला.

ऐकणाऱ्यावर सोडलं तर

इंग्लंडच्या रेडिओहेड बँडचा ई.एम.आय.बरोबरचा करार २००३ च्या अल्बमनंतर संपला होता. १ ऑक्टोबर २००७ ला त्यांनी जाहीर केलं की नवा अल्बम तयार आहे आणि दहा दिवसांत येतोय. १० ऑक्टोबरला 'इन रेनबोज' डाउनलोडसाठी आला. किंमत ज्याची त्याने ठरवायची, शून्यसुद्धा चालेल. नंतर दुकानांत सीडी आली आणि जानेवारी २००८ मध्ये ब्रिटन, अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली. ज्यांना फुकट मिळालं त्यांच्यानंतरही विकत घेणारे उरले होते. अर्थात, या बँडला आधीच जगभर श्रोते होते. नवख्या बँडने हाच प्रयोग केला तर शून्यच हाती येण्याची शक्यता जास्त, हे विसरू नये.

आपल्या देशातलं उदाहरण जास्त जवळचं आहे. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडने करोल बागेतल्या ज्या घरात वर्षानुवर्षं तालीम केली, त्याच्या पत्त्यावरूनच एका अल्बमचं नाव ठेवलं: '१६/३३० खजूर रोड'. २०१० साली महिन्याला एक गाणं या हिशेबाने त्यांनी तो फुकट डाउनलोडला दिला. पण त्याआधी, डिसेंबर २००९ मध्ये बँडच्या संस्थापकांपैकी असीम चक्रवर्ती वारले होते. तबला आणि गाणं दोन्ही सांभाळणारा हा माणूस. गाणी आधीच रेकॉर्ड झालेली होती म्हणून त्यांचा आवाज त्या अल्बमवर आहे. 'पुढच्या वर्षी निवांत करू' म्हटलं असतं, तर तो नसता.

मग आपण काय करायचं?

आज आपल्या फोनमध्ये पोर्टास्टुडिओच्या कितीतरी पट ट्रॅक मिळतात, पैसे न देता. बीटल्सकडे दोन होते. म्हणजे यंत्र नाही ही सबब आता चालायची नाही. या कहाण्यांवरून विंगमधल्या मंडळींसाठी चार कामाच्या गोष्टी:

१) रेकॉर्डिंगला बसण्याआधी गाणी हातात बसू द्या. रेकॉर्डिंगचा दिवस परीक्षेचा असतो, अभ्यासाचा नसतो. घसा फाडणारं गाणं शेवटी.

२) पहिला कच्चा टेक कधीही पुसू नका. नीट केलेल्या आवृत्तीशेजारी ठेवून तो आठवड्याने ऐका. बँडबाहेरच्या, खरं बोलणाऱ्या एकाला ऐकवा. मेसच्या टेबलावर असे पुष्कळ सापडतात.

३) मूळ फाइल्स किमान दोन ठिकाणी ठेवा, आणि गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, वाजवलं कोणी हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. आज हे हास्यास्पद वाटेल. विल्कोने बाहेर पडताना टेप का नेली, ते आठवा. उद्या कोणी करार पुढे केला तर मास्टर कोणाचा राहणार, हा पहिला प्रश्न विचारा.

४) तारीख ठरवा. आणि ती ठरवायचा हक्क कोणाला, तेही आधीच ठरवा. पाचजणांपैकी प्रत्येकाला 'अजून थोडं' म्हणायचा अधिकार असेल, तर अल्बम कधीच होत नाही.

कारण आपल्या बँडची मुदत कुठल्या कंपनीच्या करारात लिहिलेली नाही, ती अॅकॅडमिक कॅलेंडरमध्ये छापलेली आहे. फायनल इयरची शेवटची ओरल झाली की ड्रमर पुण्याला जॉइन होतो, गिटारवाला बंगळुरूला, गाणारा एम.एस.ला जातो, आणि ज्याच्याकडे सगळ्या फाइल्स होत्या त्याचा लॅपटॉप फॉर्मॅट होतो. शोल्झला आठ वर्षं परवडली. आपल्याकडे आठ सेमिस्टर असतात, आणि त्यातली काही तर आधीच गेली आहेत. चार गाणी झाली असतील, तर चार गाण्यांचाच काढा.